रेडिओ स्रोतातून गॅमा किरण येतात का? नाशिकमध्ये बसून लॅपटॉपवर शोध घेण्याची पद्धत

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास केलेली आकाश-पाहणी टीजीएसएस या नावाने ओळखली जाते. २०१७ साली आलेल्या तिच्या यादीत सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत आहेत. फर्मी उपग्रहाने चौदा वर्षांत नोंदलेल्या गॅमा स्रोतांची यादी, ४एफजीएल-डीआर४, ७,१९४ वर थांबते. हे सगळेच्या सगळे गॅमा स्रोत रेडिओ यादीतले धरले तरी शंभर रेडिओ स्रोतांमागे जेमतेम एक गॅमात दिसतो. बाकीच्यांचे काय? ते खरोखर अंधारे आहेत, की आपली नजर तिथवर पोचलेली नाही? हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि त्यावर काम करायला लागणारा सगळा डेटा फुकट, कोणालाही उपलब्ध आहे.

नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर आकाश उघडत नाही आणि दुर्बिणी गवसणीत जातात. हे काम मात्र ढगांना जुमानत नाही, कारण निरीक्षण उपग्रहाने आधीच करून ठेवलेले असते. बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या मुलांना प्रकल्पासाठी आणि आकाशनिरीक्षण मंडळांतल्या, गणिताला न घाबरणाऱ्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहितो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याशी बांधलेली आहे. रेडिओ स्रोताच्या जागी गॅमा किरण सापडणे हे अर्धेच काम. ते त्याच स्रोताचे आहेत हे दाखवणे हे उरलेले अर्धे, आणि खरा कस तिथे लागतो.

दोन्ही टोकांचा प्रकाश एकाच ठिकाणाहून का येतो

प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळले की रेडिओ लहरी बाहेर पडतात. याला सिंक्रोट्रॉन उत्सर्जन म्हणतात. तेच इलेक्ट्रॉन आसपासच्या कमी ऊर्जेच्या फोटॉनना धडकले की त्या फोटॉनची ऊर्जा प्रचंड वाढते आणि ते गॅमा किरण होऊन निघतात. हे व्युत्क्रम कॉम्प्टन विकिरण. त्यामुळे रेडिओ तेज दिसले की गॅमा किरणांची अपेक्षा ठेवणे रास्त आहे. दुसरा मार्ग प्रोटॉनचा. वेगवान प्रोटॉन वायूवर आदळून पायॉन हे अल्पजीवी कण तयार होतात आणि उदासीन पायॉन फुटून गॅमा किरण देतात. आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत फर्मीला याची खूण २०१३ मध्ये मिळाली.

पण रेडिओत तेजस्वी म्हणजे गॅमात तेजस्वी, असा सरळ हिशेब नाही. कृष्णविवराजवळून निघालेला झोत आपल्याकडे रोखलेला असेल तर सापेक्षतेमुळे त्याचे तेज अनेक पटींनी वाढते. अशा दीर्घिकांना ब्लेझर म्हणतात आणि फर्मीच्या यादीत सर्वाधिक भरणा त्यांचाच आहे. झोत बाजूला वळलेला असेल तर रेडिओत भव्य दिसणारी दीर्घिका गॅमात गप्प असू शकते. तरी सेंटॉरस ए या जवळच्या रेडिओ दीर्घिकेचे फुगीर पंखही (झोतांनी दोन्ही बाजूंना फुगवलेले रेडिओ ढग) फर्मीला गॅमा किरणांत दिसले (२०१०), आणि पुढे फॉरनॅक्स ए चे. उलटे उदाहरण गेमिंगा या पल्सरचे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे: गॅमा आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांपैकी एक, आणि रेडिओत जवळजवळ मूक.

पायरी १: लक्ष्य निवडणे

इथे घाई करू नका. चुकीचे लक्ष्य निवडले की पुढचे आठवडे वाया जातात.

पहिले काम म्हणजे ४एफजीएलच्या ताज्या यादीत तुमचा स्रोत आधीच आहे का ते पाहणे. असेल तर शोध संपला. मग तुमचे काम त्याच्या चढउतारांचा अभ्यास हे असू शकते, शोध नव्हे. नसेल, तर त्याच्यापासून एक अंशाच्या आत दुसरा तेजस्वी गॅमा स्रोत आहे का ते बघा. असेल तर नवख्याने तो नाद सोडावा. आकाशगंगेच्या पट्ट्यापासूनही दूर राहा. वैश्विक किरण तिथल्या वायूवर आदळून सगळीकडे गॅमा किरणांचा धुरळा करतात. गांगेय अक्षांश, म्हणजे त्या पट्ट्यापासूनचे कोनात्मक अंतर, उत्तरेला किंवा दक्षिणेला निदान १० अंश, शक्य तर २० अंश असावा.

दुसरे काम रेडिओ वर्णपटाचे. टीजीएसएसमधला १४७.५ मेगाहर्ट्झचा प्रवाह, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारे रेडिओ तेज, आणि अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणींनी केलेल्या एनव्हीएसएस पाहणीतला १.४ गिगाहर्ट्झचा प्रवाह घ्या. दोन्ही प्रवाहांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमला वारंवारतांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमने भागा. समजा खालच्या वारंवारतेला ४०० मिलिजान्स्की (रेडिओ प्रवाहाचे एकक) आणि वरच्या वारंवारतेला ३०० मिलिजान्स्की आहे. निर्देशांक येतो सुमारे उणे ०.१३. हा सपाट वर्णपट, म्हणजे घट्ट गाभा, म्हणजे ब्लेझर असण्याची चांगली शक्यता. तेच वर ७० मिलिजान्स्की असते तर निर्देशांक उणे ०.७७ आला असता. हा तीव्र उतार बहुधा दूरवर पसरलेल्या जुन्या पंखांचा असतो. सीमारेषा साधारण उणे ०.५ ला मानतात.

या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. एनव्हीएसएसची निरीक्षणे १९९३ ते १९९६ ची, टीजीएसएसची २०१० ते २०१२ ची. ब्लेझर तर सतत बदलतात. एका पाहणीत तो भडकलेला आणि दुसरीत शांत असेल, तर येणारा निर्देशांक फसवा असतो. शिवाय दोघींच्या नजरेची बारकाईही वेगळी: एनव्हीएसएसची ४५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), टीजीएसएसची २५ विकला. शेजारचे दोन स्रोत एकीत चिकटलेले आणि दुसरीत सुटे दिसू शकतात. म्हणून व्हीएलएएसएस या ३ गिगाहर्ट्झच्या नव्या पाहणीतले चित्रही उघडून पाहावे. तिची नजर २.५ विकलांची आहे. गाभा एकच ठिपका आहे की दोन पंख सुटे दिसतात, ते तिथे लगेच कळते. अलादीन या प्रणालीत ही सगळी चित्रे एकावर एक ठेवून पाहता येतात.

माझा आग्रह असा की पहिल्या लक्ष्यासाठी नवा स्रोत घेऊच नका. ३सी २७९ घ्या. १९९१ मध्ये एग्रेट दुर्बिणीने त्याचे गॅमा किरण टिपले आणि ब्लेझर गॅमात किती प्रखर असू शकतात हे जगाला कळले. जून २०१५ मध्ये तो जबरदस्त भडकला होता. त्या महिन्यातल्या एका आठवड्याचा डेटा घेऊन पुढच्या सगळ्या पायऱ्या एकदा करा. उत्तर ठाऊक असलेल्या गणितावर हात बसला की मग अनोळखी स्रोताकडे वळा.

पायरी २: यंत्र आणि सॉफ्टवेअर

१६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. लिनक्स उत्तम. विंडोज असेल तर त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) सुरू करून उबंटू घाला. नासाच्या फर्मी सायन्स सपोर्ट सेंटरची फर्मीटूल्स ही साधने कॉन्डा या पॅकेज-व्यवस्थापकाने बसतात. त्यांच्यावर बेतलेले फर्मीपाय हे पायथन पॅकेजही घ्या; बरीचशी हमाली ते करते. तरी पहिल्या खेपेला फर्मीटूल्सच्या आज्ञा एकेक करून हाताने चालवा. नाहीतर फर्मीपायने आत काय केले हे कधीच समजत नाही. आज्ञा अर्थात रोमन लिपीतच टाइप करायच्या. इथे त्यांचे उच्चार लिहिले आहेत.

काही आज्ञा तासन् तास चालतात. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरी भरलेली ठेवा आणि प्रत्येक पायरीची फाईल वेगळ्या नावाने जपा.

पायरी ३: डेटा उतरवणे

फर्मीवरची मुख्य दुर्बीण म्हणजे लार्ज एरिया टेलिस्कोप, लॅट. उपग्रह ११ जून २००८ ला सुटला आणि विज्ञानासाठीचा डेटा ४ ऑगस्ट २००८ पासून आहे. लॅटला एका वेळी आकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा दिसतो आणि दोन प्रदक्षिणांत, म्हणजे जवळपास तीन तासांत, ती सगळे आकाश चाळते. म्हणून तुमच्या स्रोतासाठी कोणी वेळ मागितला नसला तरी त्याचे निरीक्षण झालेलेच आहे.

सपोर्ट सेंटरच्या डेटा सर्व्हरवर स्रोताचे विषुवांश आणि क्रांती (जे२००० पद्धतीने), शोधाची त्रिज्या, काळ आणि ऊर्जेची मर्यादा भरायची. ३सी २७९ साठी विषुवांश १९४.०५ अंश, क्रांती उणे ५.७९ अंश. त्रिज्या १५ अंश ठेवा. तारीख साध्या दिनदर्शिकेप्रमाणे देता येते; आत मात्र सगळा हिशेब १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत चालतो, हे लक्षात असू द्या. दोन प्रकारच्या फायली मिळतात: फोटॉनची यादी, आणि उपग्रह कुठल्या क्षणी कुठे होता व कुठे पाहत होता याची नोंद. दुसरी विसरून चालत नाही.

एका स्रोतासाठी १५ अंशांचा एवढा मोठा पसारा कशाला? कारण १०० एमईव्ही (दहा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला, एकाच बिंदूतून आलेल्या किरणांचा लॅटमध्ये दिसणारा ठिपका सुमारे ५ अंश त्रिज्येचा असतो. हात लांब करून धरलेली मधली तीन बोटे आकाशात साधारण तेवढा कोन झाकतात. १ जीईव्हीला (१,००० एमईव्हीला) तो ०.८ अंशावर येतो आणि १० जीईव्हीच्या वर ०.१ अंशाच्या आसपास. कमी ऊर्जेचे फोटॉन शेजाऱ्याच्या अंगणातून सहज तुमच्या अंगणात येतात, म्हणून शेजाऱ्यांचाही हिशेब मांडावा लागतो.

यातून एक उपयोगी तडजोड निघते. पहिला प्रयत्न फक्त १ जीईव्हीच्या वरच्या फोटॉनवर करा. फाईल लहान होते, ठिपका आटतो, गणित लवकर सुटते. मोल मात्र द्यावे लागते. वर्णपटाचा निर्देशांक २ असेल तर १०० एमईव्हीच्या वरच्या फोटॉनपैकी दहा टक्केच हाती उरतात, निर्देशांक २.५ असेल तर तीन टक्के. बीएल लॅसर्टी जातीच्या ब्लेझरांचा निर्देशांक २ च्या जवळ असतो, सपाट-वर्णपटी क्वेझार या दुसऱ्या जातीच्या ब्लेझरांचा २.४ ते २.५. त्यामुळे संशय क्वेझारचा असेल तर शेवटी खालच्या ऊर्जेत उतरावेच लागते.

पायरी ४: चाळणी

जीटीसिलेक्टने फोटॉन निवडायचे. इव्हेंट क्लास १२८, म्हणजे ‘सोर्स’, आणि इव्हेंट टाइप ३. खस्वस्तिकापासूनचा (ठीक डोक्यावरच्या बिंदूपासूनचा) कोन ९० अंशांपर्यंतच घ्या. पृथ्वीच्या वातावरणावर वैश्विक किरण आदळून क्षितिजाची कडा गॅमा किरणांत झगझगत असते, तिला बाहेर ठेवण्यासाठी ही मर्यादा. मग जीटीएमकेटाइमने उपग्रह नीट चालू असतानाचाच वेळ ठेवायचा: डेटा क्वालिटी शून्याहून मोठी, लॅट कॉन्फिग १.

पुढे जीटीबिनने ०.१ अंशाच्या चौकटींचे आणि ऊर्जेच्या दर दशकाला ८ ते १० कप्प्यांचे घन-चित्र बनवा. १५ अंशांच्या वर्तुळात बसणारा चौरस साधारण २१ अंश बाजूचा असतो. त्याहून मोठा केला तर कोपरे रिकामे राहतात आणि उत्तर बिघडते. जीटीएलटीक्यूब कुठल्या दिशेला किती वेळ पाहिले ते मोजते. सगळ्या वर्षांचा डेटा असेल तर ही आज्ञा रात्री लावून झोपावे. त्यानंतर जीटीएक्सपीक्यूब२, आणि पुढच्या पायरीतली मॉडेलची फाईल तयार झाल्यावर जीटीएसआरसीमॅप्स.

सूर्याकडे लक्ष असू द्या. सूर्य स्वतः गॅमा किरण देतो आणि क्रांतिवृत्ताजवळच्या स्रोतांपाशी दर वर्षी येतो. ३सी २७९ तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला चक्क त्याच्या मागे जातो. असे दिवस वगळले नाहीत तर दर वर्षी त्याच सुमाराला भडका उडतो असे वाटू शकते. चंद्रही गॅमा किरण देतो, त्याचीही तपासणी करा.

पायरी ५: मॉडेल आणि लाइकलीहूड

लॅटच्या चित्रात बोट ठेवून ‘हा बघा स्रोत’ असे क्वचितच म्हणता येते. दोन गोष्टींची तुलना करावी लागते: तुमचा स्रोत नसलेले आकाश आणि असलेले आकाश. हाती आलेले फोटॉन कुठल्या चित्राशी जास्त जुळतात? या जुळण्याच्या मापाला लाइकलीहूड म्हणतात.

मॉडेलच्या फाईलमध्ये ४एफजीएलमधले आसपासचे सगळे स्रोत येतात, चौकटीच्या बाहेर १० अंशांपर्यंतचेही. त्यांच्यासोबत आकाशगंगेच्या धुरळ्याचे आणि सर्व दिशांनी सारख्या येणाऱ्या पार्श्वभूमीचे मॉडेल. दोन्ही सपोर्ट सेंटर पुरवते. त्यात तुमचा रेडिओ स्रोत घाला, जागा रेडिओतली नेमकी, वर्णपट साधा घात-नियमाचा (पॉवर लॉ), निर्देशांक २ पासून सुरू. साधारण ५ अंशांच्या आतल्या ठळक स्रोतांचे प्रवाह आणि दोन्ही पार्श्वभूमी मोकळ्या सोडा, दूरचे स्रोत गोठवा. सगळेच मोकळे सोडले की गणित भरकटते.

जीटीलाइक चालवा. जुळणी झाल्यावर आकड्यांच्या आधी शिल्लक-नकाशा बघा, म्हणजे प्रत्यक्षातून मॉडेल वजा केलेले चित्र. त्यात कुठे मोठा उंचवटा किंवा खड्डा असेल तर मॉडेल अपुरे आहे. बऱ्याचदा यादीत न आलेला एखादा स्रोत तिथे दडलेला असतो. त्याला मॉडेलमध्ये जागा द्या आणि पुन्हा चालवा. तो उंचवटा तुमच्या स्रोताच्या खात्यात जमा होऊ देऊ नका.

पायरी ६: टीएसचा आकडा वाचणे

लाइकलीहूडच्या दोन लॉगॅरिदमांतल्या फरकाची दुप्पट म्हणजे टीएस, टेस्ट स्टॅटिस्टिक. जागा आणि निर्देशांक पक्के ठेवून फक्त प्रवाह मोकळा असेल तर टीएसचे वर्गमूळ म्हणजे साधारण सिग्मा, निकाल योगायोगापासून किती दूर आहे याचे माप: ९ ला तीन, २५ ला पाच. जागा आणि निर्देशांकही मोकळे असतील तर तोच २५ चारच्या किंचित वर येतो. फर्मीच्या याद्यांत प्रवेशाची पातळी २५ आहे, आणि ती तुमचीही असावी.

१२ किंवा १५ आला की मन मोहात पडते. शंभर रेडिओ स्रोत तपासले, तर निव्वळ योगायोगाने कुठेतरी टीएस ९ ओलांडण्याची शक्यता तेरा टक्के असते. हजार तपासले तर असे एखादे प्रकरण बहुधा निघेलच. आणि ही झाली कागदावरची शक्यता. प्रत्यक्ष आकाशात यादीत न आलेले हजारो फिके स्रोत पसरलेले आहेत आणि पार्श्वभूमीचे मॉडेलही अचूक नाही, म्हणून खोटे टीएस कागदावरच्यापेक्षा जास्त येतात.

यावर माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उपाय म्हणजे रिकाम्या जागांची चाचणी. तुमच्या स्रोताइतक्याच गांगेय अक्षांशावर, कुठल्याही ज्ञात गॅमा स्रोतापासून दूर, यादृच्छिक जागा निवडा आणि तिथे जणू स्रोत आहे असे समजून हेच सगळे गणित करा. जितक्या जागा तपासता येतील तितके चांगले. तुमच्या स्रोताइतका टीएस त्यांतल्या किती जागांना मिळाला, ते मोजा. याला यंत्राचा वेळ जातो, पण कुठल्याही सूत्रापेक्षा हे उत्तर जास्त विश्वासाचे आहे.

पायरी ७: ते किरण त्याचेच का?

समजा टीएस ३० आला. आता जागा मोकळी सोडून गॅमा स्रोत नेमका कुठे बसतो ते काढा. फर्मीपाय ९५ टक्के खात्रीचे वर्तुळ किंवा लंबवर्तुळ देते. फिक्या स्रोताला त्याची त्रिज्या ०.१ अंश असणे नेहमीचे. तुमचा रेडिओ स्रोत त्यात बसतो. मग झाले का?

नाही. गणित करून पाहा. एनव्हीएसएसच्या यादीत सुमारे १८ लाख स्रोत आहेत आणि ती उणे ४० अंश क्रांतीच्या उत्तरेचे सगळे आकाश व्यापते. म्हणजे प्रत्येक चौरस अंशात पन्नासहून थोडे अधिक. ०.१ अंश त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ०.०३१ चौरस अंश. गॅमा किरणांशी काही संबंध नसतानाही त्यात सरासरी दीडाहून अधिक एनव्हीएसएस स्रोत पडणारच. निदान एक पडण्याची शक्यता ८० टक्के! टीजीएसएसमध्ये स्रोत विरळ आहेत, चौरस अंशाला सुमारे १७, तरी तिथेही शक्यता ४० टक्के निघते. फर्मीच्या वर्तुळात रेडिओ स्रोत सापडला, हे वाक्य एकटे काहीच सिद्ध करत नाही.

आता तेच गणित सपाट वर्णपटाच्या तेजस्वी स्रोतांपुरते करा. क्रेट्स या २००७ च्या यादीत आकाशगंगेच्या पट्ट्याबाहेरचे असे ११ हजारांच्या आसपास स्रोत आहेत. चौरस अंशाला ०.३ च्या जवळपास. त्याच वर्तुळात योगायोगाने असा एक पडण्याची शक्यता एक टक्का. पहिल्या पायरीत वर्णपट आणि घट्ट गाभा तपासण्याची मेहनत इथे फळते. सूत्र सोपे आहे: दर चौरस अंशी घनता गुणिले वर्तुळाचे क्षेत्रफळ हा आकडा काढा, e चा तितका ऋण घात घ्या आणि एकातून वजा करा.

याची एक अट आहे. ‘सपाट आणि तेजस्वी’ ही कसोटी गॅमा किरण पाहण्याआधी ठरलेली असली पाहिजे. सापडल्यानंतर आपल्या स्रोताला बसेल अशी कसोटी शिवली तर एक टक्का हा आकडा खोटा ठरतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा: लक्ष्य कुठले, का, कुठल्या कसोटीवर.

वर्तुळात इतर कोणकोण आहे तेही पाहा. नेड आणि सिम्बाद या माहितीसाठ्यांत शोधा. क्ष-किरण स्रोत आहे का? दृश्य प्रकाशातला वर्णपट कुणी घेतला आहे का? दोन तुल्यबळ उमेदवार असतील तर दोघांचीही नावे लिहायची आणि थांबायचे.

गॅमा वर्णपटाचा आकारही बोलतो. ब्लेझरांचा वर्णपट लांबवर सरळ किंवा हलका वाकलेला असतो. पल्सरचा मात्र काही जीईव्हीनंतर झपकन खाली येतो आणि त्याचे तेज वर्षानुवर्षे स्थिर राहते. वाकलेला वर्णपट आणि स्थिर तेज एकत्र दिसले, तर तुमच्या आवडत्या रेडिओ दीर्घिकेऐवजी मध्येच कुठेतरी आपल्याच आकाशगंगेतला पल्सर असण्याचा संशय घ्या.

पायरी ८: चढउतार जुळवणे

जागेच्या पुराव्यापेक्षा काळाचा पुरावा बळकट. रेडिओत स्रोत भडकला आणि त्याच सुमाराला गॅमातही भडकला, असे दाखवता आले तर शंका फारशी उरत नाही. डेटाचे महिन्या-महिन्याचे तुकडे करा, प्रत्येकात निर्देशांक गोठवून फक्त प्रवाह काढा. फिक्या स्रोताला महिना पुरणार नाही. तीन महिने किंवा वर्ष घ्या.

रेडिओच्या बाजूला कॅलिफोर्नियातली ओव्हीआरओची ४० मीटरची दुर्बीण १५ गिगाहर्ट्झवर अठराशेच्या आसपास ब्लेझरांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून आहे. सहसा गॅमातला भडका आधी आणि रेडिओतला आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मागून येतो, कारण झोताच्या आतल्या भागातून रेडिओ लहरी लगेच बाहेर पडू शकत नाहीत. पण दोन खडबडीत आलेख एकमेकांवर सरकवत बसले की कुठेतरी जुळतातच. काटेकोर तपासणीत खरोखर जुळणारे स्रोत मोजकेच निघाले आहेत. इथेही रिकाम्या जागांसारखीच चाचणी करा: इतर स्रोतांचे रेडिओ आलेख घेऊन तुमच्या गॅमा आलेखाशी जुळवून पाहा.

आणखी एक बारकावा. मार्च २०१८ मध्ये फर्मीचे एक सौर पंख फिरवणारे यंत्र अडकले. तेव्हापासून आकाश चाळण्याची पद्धत बदलली आणि काही आठवड्यांत काही भागांवर नजर कमी पडते. त्यानंतरच्या छोट्या तुकड्यांत तेज उतरल्यासारखे वाटले तर आधी एक्सपोजर, म्हणजे त्या भागावर किती नजर पडली ते, तपासा.

काही सापडले नाही तर

बहुतेक वेळा हेच होईल. टीएस २ किंवा ३ आला तर ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा काढा: या स्रोताचा गॅमा प्रवाह अमुकपेक्षा जास्त नाही. हा खराखुरा निकाल आहे. रेडिओ तेज आणि ही मर्यादा एकत्र ठेवली की झोताचा कोन किंवा पंखांतले चुंबकीय क्षेत्र किमान किती असावे यावर बंधन येते. चुंबकीय क्षेत्र कमकुवत असते तर तेवढ्याच रेडिओ तेजासाठी जास्त इलेक्ट्रॉन लागले असते आणि त्यांनी जास्त गॅमा किरण दिले असते.

एकाच जातीचे पुष्कळ स्रोत असतील, उदाहरणार्थ टीजीएसएसमधून निवडलेल्या अवाढव्य रेडिओ दीर्घिका, तर त्यांचे लाइकलीहूड एकत्र जोडता येतात. एकेकटा दिसत नसला तरी जातीचा सरासरी प्रवाह दिसू शकतो. तुलनेला तितक्याच रिकाम्या जागांचा गठ्ठा हवाच. दहा मुलांचा गट असेल तर हे काम वाटून करायला फार सोयीचे आहे: अर्ध्यांनी स्रोत घ्यायचे, अर्ध्यांनी रिकाम्या जागा, आणि कोणाकडे काय आहे हे शेवटपर्यंत एकमेकांना सांगायचे नाही.

खोडदचा रस्ता

हा शोध उलट्या बाजूनेही करता येतो. फर्मीच्या यादीतल्या जवळपास एक तृतीयांश गॅमा स्रोतांचा मालक अजून ठरलेला नाही. जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या पुण्यातल्या संस्थेच्या भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी अशा बेवारस स्रोतांकडे जीएमआरटी वळवली आणि नवे मिलिसेकंद पल्सर शोधले. जे१५४४+४९३७ हा त्यांतला एक. त्याचा शोध २०१३ मध्ये जाहीर झाला. हा पल्सर जोडीदाराच्या आड गेला की काही काळ त्याला ग्रहण लागते.

नाशिक-पुणे महामार्गावर सिन्नर, संगमनेर, आळेफाटा ओलांडले की नारायणगाव येते, आणि तिथून आत खोडद. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश तिथे आहेत, चौदा मधोमध आणि सोळा तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जा, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना तुमचा टीएस-नकाशा (जागोजागचा टीएस दाखवणारे चित्र) दाखवून प्रश्न विचारा.

पुढे जायचे असेल तर जीएमआरटीच्या निरीक्षणवेळेसाठी वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात. तुमच्या गॅमा वर्तुळातल्या उमेदवारांचे वर्णपट अनेक वारंवारतांवर एकाच वेळी मोजायचे आहेत, हा प्रस्तावाचा रास्त मुद्दा होऊ शकतो, कारण चौदा ते एकोणीस वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन पाहण्यांतून निर्देशांक काढण्यातली अडचण तिथेच सुटते. प्रस्तावाला अनुभवी मार्गदर्शक लागतो. पुण्यात एनसीआरए आणि आयुका एकाच विद्यापीठाच्या आवारात आहेत. कॉलेजच्या प्राध्यापकांमार्फत तिथे लिहा. सोबत वहीच्या पहिल्या पानाची प्रत, रिकाम्या जागांच्या चाचणीचा आलेख आणि योगायोगाच्या शक्यतेचा हिशेब जोडा.